हंगामी गावात बारमाही माणूस

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. वरून परिपत्रक येतं, परिपाठात कुणीतरी दोन मिनिटं बोलतं, फोटो निघतो आणि तो लिंकवर चढवला की दिवस साजरा होतो. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यात त्याच सुमाराला घरोघरी बांधाबांध चाललेली असते. दसऱ्याचे मेळावे उरकले की ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन वाजू लागतात. दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांवर पत्रे, बांबू, भांडीकुंडी, शेळ्या आणि कडेवरची पोरं चढतात आणि गाव निम्मं होतं. हजेरीपुस्तकात काही नावांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. बाकीची मुलं मागे राहतात, कुणी आजीजवळ, कुणी चुलत्याकडे, कुणी हंगामी वसतिगृहात. सांगली-कोल्हापूरच्या किंवा बेळगावकडच्या फडातून आईबाप परत येतील ते गुढीपाडव्याच्या आसपास, कारखान्याचा पट्टा लांबला तर त्याच्याही नंतर.

या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांच्या मनाच्या दुखण्याला अशा ठरलेल्या तारखा आहेत. सरकारी मदतीलाही तारखा आहेत. फक्त त्या एकमेकींशी जुळत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. बीडच्या मुलांसाठी ते छत्रपती संभाजीनगर विभागाच्या यादीत असतात. परीक्षा संपली की यादीही संपते. नोव्हेंबरात सहावीतला मुलगा वसतिगृहाच्या ओट्यावर गप्प बसू लागतो तेव्हा त्याच्यासाठी कुठला सप्ताह नसतो, आणि मे महिन्यात नववीतल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालतात तेव्हा शाळेलाच कुलूप असतं. माझं म्हणणं थोडक्यात हे आहे: सरकारी शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याची मदत वाचवायची असेल तर ती दिन, सप्ताह, अभियान आणि हेल्पलाइन यांतून बाहेर काढावी लागेल. वर्षभर तोच चेहरा, त्याच कामाचा पगार घेणारा आणि मुलांना चालत जाऊन गाठता येईल असा माणूस हवा. बाकी सगळं त्याच्या नंतर.

आठवीतल्या एका मुलीकडे जवळून बघू. तिचं नाव सांगायचं कारण नाही. बीडमधल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, ती त्यांच्या वर्गात आहे. पहाटे उठून ती आजीच्या आणि धाकट्या दोघा भावांच्या भाकरी थापते, पाणी भरते, भावांना तयार करून शाळेत आणते. तिसऱ्या तासाला फळ्याकडे बघता बघता तिची मान खाली जाते. गुरुजी समजूतदार असले तर झोपू देतात. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागतं, महिनाभराने चक्कर येते. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात आणि त्या लागतातच, कारण अंगात रक्त खरोखर कमी असतं. पण आईचा फोन आला त्या दिवशी पोट दुखत नाही, ही गोष्ट गोळी देणाऱ्याला कळायची तर त्या मुलीजवळ पंधरा मिनिटं बसावं लागतं. आईचा फोनही ठरलेल्या वेळी येत नाही. ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून आई कोपीवर पोचते तेव्हा रात्रीचे नऊ-दहा झालेले असतात, आणि इकडे ज्या चुलत्याच्या मोबाइलवर बोलायचं तो झोपलेला असतो.

ही मुलगी आजारी आहे का? मानसोपचाराच्या पुस्तकात बहुधा नाही. तिला मदत लागते का? लागते. सरकारी यंत्रणेला या दोन उत्तरांच्या मधली जागा दिसत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. पन्नास मुलांच्या वर्गात असे तीन-चार जण निघतील. त्यांना डॉक्टर लागतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे; आष्टीच्या माणसाला तर या दोन्हींपेक्षा नगर सोयीचं पडतं. पण वर्गातल्या उरलेल्या मुलांचं काय? ज्याच्या बापाने गेल्या वर्षी जीव दिला तो मुलगा, जिची थोरली बहीण पंधराव्या वर्षी नांदायला गेली ती मुलगी, दर वर्षी सहा महिने आईशिवाय काढणारी भावंडं. त्यांना दवाखान्याचा केसपेपर नको आहे. त्यांच्यात काय चाललंय हे ओळखणारं, आणि त्यातल्या कुणाला खरंच डॉक्टरकडे न्यायला हवं हे ठरवू शकणारं कुणीतरी शाळेत हवं आहे.

बापाने जीव दिलेल्या मुलाबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. त्यातले २६९ एकट्या बीड जिल्ह्यातले. अशी घटना घडली की यंत्रणा हलते, नाही असं नाही. तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा, कर्जाचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल जोडून फाइल तहसिलात जाते, आणि जिल्हा समिती बसून मृत्यू मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. पात्र ठरला तर लाख रुपये मिळतात. त्यातलीही मोठी रक्कम ठेवीत अडकते. या सगळ्या कागदांच्या प्रवासात एक टपाल कधीच निघत नाही: त्या घरातली मुलं ज्या शाळेत शिकतात तिथल्या मुख्याध्यापकांना. शाळेला कळतं ते गावातून, आणि मूल तेराव्यानंतर येऊन बसतं ते आपल्या नेहमीच्या बाकावर. त्याच्याशी काय बोलायचं हे गुरुजींना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते काहीच बोलत नाहीत. मुलाला वाटतं, आपल्या घरात काहीतरी लाजिरवाणं घडलंय. २०१५ नंतर राज्याने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची सोय झाली, आणि बीड त्या जिल्ह्यांत आहे. पण तो प्रकल्प शेतकऱ्याकडे पाहतो. शेतकरी गेल्यावर त्याचं पोर कुठल्या खात्याचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात दिलेला निकाल या बाबतीत मोठा आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूवरून प्रकरण न्यायालयात गेलं होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी; शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी. निकाल वाचताना बरं वाटतं. पण त्यातला शंभरचा आकडा बीडच्या रस्त्यावर आणून ठेवला की काळजी वाटू लागते.

कारण वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शंभर मुलं कुठून असणार? दोन शिक्षक, चार वर्ग, वीस-पंचवीस-चाळीस मुलं, आणि दिवाळीनंतर त्यांतलीही निम्मी फडावर. म्हणजे ज्या शाळांत एकटेपण सगळ्यात जास्त, त्यांच्याच वाट्याला ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी’ येणार. ही जोडणी कशी दिसेल ते सांगायला ज्योतिषी नको. शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने एक चौकट रंगवली जाईल, तिच्यात एका डॉक्टरांचं नाव आणि नंबर येईल. तो डॉक्टर नंतर बदलून जाईल, आणि भिंत पुढच्या रंगरंगोटीपर्यंत तशीच राहील.

शंभरच्या आकड्याचा अनुभव आपल्याला आधी आलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. कागदावर ती उत्तम. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हे निदेशक तुटपुंज्या मानधनावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर राबले. कधी नेमणूक थांबली, कधी ते कोर्टात गेले, कधी परत आले. चित्रकला शिकवणारा माणूस जून ते मार्च असा तुटक आला तर मुलांचं चित्र अर्धं राहतं. समुपदेशक तसा आला तर? मुलीने त्याला घरातली एक गोष्ट सांगितली, पुढच्या सत्रात तो नाही. त्याच्या जागी आलेल्याला ती सांगणार नाही. त्यानंतर कुणालाच सांगणार नाही. कंत्राटी समुपदेशक देण्यापेक्षा न दिलेला बरा, असं म्हणण्यापर्यंत मी जाणार नाही, पण त्या मताच्या फार लांबही मी उभा नाही.

‘शिक्षक आहेतच की,’ असं यावर मंत्रालयातून उत्तर येतं. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ नेमायची कल्पना आहे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या आणि बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर त्यांची विचारपूस वाढली. शिक्षकांच्या सद्भावनेवर माझा संशय नाही. त्यांच्या वेळेवर आहे. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, मतदारयादीचं काम, रोजचं कुठलं तरी ॲप, आणि त्यात दोनशिक्षकी शाळा. एक गुरुजी केंद्रावर मीटिंगला गेले की दुसऱ्याकडे चारही वर्ग. असा माणूस मुलाचं ऐकायला बसला तर बाकीचे तीन वर्ग कोण सांभाळणार?

वेळ मिळाला तरी अडचण संपत नाही, आणि ही गोष्ट आपण उघड बोलत नाही. शिक्षक हाच मुलाला मारणारा, नापास करणारा, घरी चिठ्ठी धाडणारा माणूस असतो किंवा तसा दिसतो. तो गावात राहत असेल तर सरपंचाच्या पारावर बसतो, राहत नसेल तर चारच्या एसटीने निघून जातो. मुलीच्या सोयरिकीची गोष्ट त्याला कळली आणि ती त्याने ग्रामसेवकाला कळवली, तर उद्या त्याला त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘संगत’ या मूळच्या गोव्यातल्या संस्थेने सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. चौऱ्याहत्तर शाळा होत्या. काहींत तोच कार्यक्रम शिक्षकाच्या हाती दिला, काहींत शाळेबाहेरून आणलेल्या, फार मोठी पदवी नसलेल्या पण पूर्णवेळ त्याच कामाला असलेल्या समुपदेशकाच्या हाती दिला. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आले. पूर्णवेळ समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाच्या हाती दिला होता तिथे नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटातला फायदा वाढलेला होता. नालंदा काही स्वित्झर्लंडमध्ये नाही. तिथलीही शाळा गळकी आणि घरची गरिबी आपल्यासारखीच. आपल्या विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना तयार केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे प्रौढांबद्दलचं आहे, पण शिकवण तीच: घराजवळचा आणि टिकणारा माणूस असला की लोक येतात.

शिक्षकांवर आणखी ओझं टाकण्यापूर्वी शिक्षकांचीच अवस्था बघावी. २०२५ च्या मार्चमध्ये बीडमध्ये आश्रमशाळेतल्या एका शिक्षकाने आपलं आयुष्य संपवलं. कित्येक वर्षं बिनपगारी काम केल्याची व्यथा त्याने आपल्या लहान मुलीला उद्देशून समाजमाध्यमावर लिहून ठेवली होती. चार दिवस बातम्या चालल्या. ज्या व्यवस्थेत शिकवणारा माणूस असा कोसळतो, तिथे त्यालाच आरोग्यदूताचा बिल्ला लावून मुलांचं मन सांभाळायला सांगणं ही थट्टा आहे.

हेल्पलाइनचं तर बोलायलाच नको, तरी बोलतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चांगला आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि मोठ्या माणसांनी तो जरूर जवळ ठेवावा. पण त्याला दोन गोष्टी लागतात: फोन आणि आडोसा. घरातला फोन नोव्हेंबरात आईबापांबरोबर फडावर गेलेला असतो, आणि एका खोलीच्या घरात आडोसा म्हणजे घराच्या मागची बाभूळ. मुलांसाठीचा १०९८ अनेक वर्षं स्थानिक संस्थांच्या कार्यकर्त्यांवर चालला. २०२३ मध्ये तो सरकारने आपल्याकडे घेतला आणि ११२ शी जोडला. नंबर तोच राहिला. गावात मोटरसायकलवर येणारा ओळखीचा दादा किंवा ताई मात्र ठिकठिकाणी नाहीशी झाली. कारण प्रशासकीय असेल, योग्यही असेल, पण ज्या माणसाला पोरं नावाने ओळखत होती तो हलवताना कुणी पोरांना विचारलं नाही.

माणूस जाऊन नुसती सोय उरली की काय होतं ते शाळेतल्या तक्रारपेटीकडे बघितलं की कळतं. शासनाच्या आदेशाने पेट्या लागल्या. एका शाळेतली पेटी मी पाहिली ती मुख्याध्यापकांच्या टेबलामागच्या भिंतीवर होती. चिठ्ठी टाकायची तर साहेबांच्या खुर्चीला वळसा घालावा लागे. कुलूप गंजलेलं होतं. किल्ली कुणाकडे आहे यावर दोघांत थोडी चर्चा झाली. आत काही नव्हतं हे वेगळं सांगायला नको, आणि अहवालात त्याचा अर्थ ‘तक्रार निरंक’ असा जाणार होता.

आता खरा आक्षेप. तो माझ्या ओळखीच्या चळवळीतल्या मंडळींचा आहे आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, आई सहा महिने दूर राहते कारण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत नाही. मुलीचं लग्न लवकर होतं कारण नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि कोयत्यावरच उचल मिळते. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, सगळ्या राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के असताना. हे शोषण आहे. त्याच्यावर समुपदेशन म्हणजे शोषणाला गोड बोलून झोपवणं. दुखणं समाजाचं आणि औषध पोराला, असा हा उलटा कारभार होतो.

हा धोका खरा आहे. ‘सकारात्मक विचार करा’ असं फडातल्या पोराला सांगणारा समुपदेशक शाळेच्या आवारातही येऊ नये. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. मोठ्या माणसांचा लढा संपेपर्यंत मूल लहान राहत नाही. ऊसतोड मजुरांच्या कायद्याची मागणी करता करता त्या मागणीच्या सभेत खेळणारी पोरं आज स्वतः कोयता घेऊन जातात. शिवाय चांगला समुपदेशक झोपवत नाही, जागं ठेवतो. एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांत फिरणाऱ्या माणसाच्या वहीत, कुणाचंही नाव न घेता, कळेल की डिसेंबरात पोटदुखी कुठल्या वर्गांत वाढते, कुठल्या गावातून सातवीनंतर मुली शाळेतून गायब होतात, कुठल्या वसतिगृहात पोरं अंथरूण ओलं करतात. ऊसतोडीवर डझनभर अहवाल लिहिले गेले. २०१९ मध्ये बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. मुलांच्या मनावर या हंगामाचं काय होतं याची सलग नोंद मात्र कुणाकडे नाही. असा समुपदेशक ती नोंद ठेवील. लढणाऱ्यांना ती लागणार आहे.

गुप्ततेचा मुद्दा नाजूक आहे आणि तो आधीच स्पष्ट केला पाहिजे. मुलाने सांगितलेलं सगळं गुप्त राहील असं वचन समुपदेशकाला देता येणार नाही. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. होऊ घातलेला बालविवाह थांबवायचा तर ग्रामसेवकाला, पोलिसांना सांगावं लागतं. म्हणून त्याचा पगार, बदली, गोपनीय अहवाल यांपैकी काहीही शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हातात असता कामा नये. गावातल्या दबावाचा वारा न लागणारी खुर्ची त्याला दिली नाही, तर तो पहिल्या प्रकरणात गप्प बसेल किंवा दुसऱ्या प्रकरणात बदली मागेल. बीडमध्ये गावकीचा आणि राजकारणाचा दबाव म्हणजे काय असतो, हे गेल्या काही वर्षांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे.

मग हा माणूस बसेल कुठे? प्रत्येक शाळेत समुपदेशक ही मागणी वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरती ठीक आहे. होणार नाही, आणि झाली तर अंशकालीन होईल. केंद्र हे जिल्हा परिषदेच्या शाळांचं सगळ्यात खालचं जिवंत एकक आहे. केंद्रप्रमुखांना सगळ्या शाळा माहीत असतात, रस्ते माहीत असतात. प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ, कायम पद. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेली शाळा. ऑक्टोबर ते एप्रिल बदली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, अक्षय्य तृतीयेच्या लग्नसराईत, तर मुळीच रजा नाही, हवी तर जूननंतर घ्यावी. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मुख्याध्यापक शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. त्याच वेळी या माणसाने मुलाशी एकदा बोलावं, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा. संत भगवान बाबा योजनेतल्या वसतिगृहांत (२०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी शंभर मुलांची) त्याची संध्याकाळची फेरी असावी, कारण रडू दुपारी येत नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला नागरगोजे दांपत्याचं ‘शांतिवन’ दोन दशकांहून जास्त काळ अशाच मुलांना सांभाळत आलं आहे. तिथे जी गोष्ट मुलांना धरून ठेवते ती कुठल्या खास तंत्रात सापडणार नाही. दिवाळीनंतरही तीच माणसं तिथे असतात, एवढंच.

पदवीबद्दल फार ताणू नये. एम. ए. मानसशास्त्र झालेली मुलं-मुली अंबाजोगाई, बीड, माजलगावात आहेत, समाजकार्याचे पदवीधरही आहेत. सातारच्या ‘परिवर्तन’ने आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘मानसमित्र’ तयार करून दाखवले. मांत्रिकाकडे जाणाऱ्या माणसाला न दुखवता दवाखान्यापर्यंत आणायचं कसं, हे त्यांना ठाऊक आहे, आणि बीडमध्ये ते कौशल्य रोज लागेल. वरच्या डॉक्टरशी जोडणी हवीच. ती समुपदेशकाने करावी. मुलाने किंवा आजीने केसपेपर घेऊन रांगेत उभं राहून करायची ती गोष्ट नव्हे.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो शेवटचा असला तरी सगळ्यात आधी विचारला जातो. सरकारी योजनेतून आलेला पैसा सरकारच्या लहरीने जातो. अमेरिकेत २०२२ मध्ये उवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर शाळांमध्ये मानसिक आरोग्याची माणसं नेमायला सुमारे शंभर कोटी डॉलर दिले गेले. एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने ते अनुदान पुढे न चालवायचं ठरवलं आणि काही राज्यांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं. श्रीमंत देशात ही गत, तर समग्र शिक्षाच्या वार्षिक आराखड्यातल्या एका ओळीवर आपण काय भरवसा ठेवायचा? त्या ओळीवर दर मार्चमध्ये कात्री चालते.

म्हणून पैसा तिथून यावा जिथून दुखणं येतं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचं राज्याने ठरवलेलं आहे. महाराष्ट्राचं गाळप साधारण हजार लाख टन धरलं तर ते वर्षाला शंभर कोटी होतात. बीडमध्ये दीडशे समुपदेशक नेमायचे आणि प्रत्येकाला महिना चाळीस हजार द्यायचे असं गृहीत धरा: सात कोटी वीस लाख. म्हणजे टनाच्या दहा रुपयांतले पाऊण रुपयाहूनही कमी, आणि तेही फक्त बीडने घेतले तर. शेजारच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोडीच्या तालुक्यांनाही माणसं दिली तरी निम्म्याहून जास्त पैसा मजुरांच्या विम्याला आणि वसतिगृहांना उरतो. यावर महामंडळ म्हणेल की शिक्षण आमचं खातं नाही, आणि शिक्षण खातं म्हणेल की मजूर आमचे नाहीत. पण ज्या दहा रुपयांतून हा पगार द्यायचा ते त्या मुलांच्या आईबापांनी तोडलेल्या उसावरच आलेले आहेत. कुठल्या खात्याने सही करायची हे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवावं. सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिलेलं आहे.